सूचना : चातुर्मासातील सामूहिक हरिपाठ

सर्व ज्येष्ठ सभासदांना सप्रेम रामकृष्णहरी.

येत्या आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज सायंकाळी 5 ते 5.45 आपल्या विरंगुळा केंद्रात हरिपाठ होईल. पहिल्या दिवशी 4.45 लाच या, टाळ आणि पुस्तिका वाटायच्या आहेत. मोठ्या टाइपातल्या पुस्तिका आहेत. चष्मा मात्र विसरू नका.

गुडघे दुखतात म्हणून कोणी मागे राहू नये. खुर्च्या मांडलेल्या असतील. खुर्चीवर बसून घेतलेलं नाव पांडुरंगाला कमी पोचत नाही. गेल्या वर्षी आपल्यातल्या एक आजी डोळ्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत आल्या. मांडीवर पुस्तिका उघडी, पानं अंदाजाने उलटायच्या आणि सगळे अभंग तोंडपाठ म्हणायच्या. शेजारच्यांनी त्यांचं ऐकूनच चाल धरली.

एक कळकळीची विनंती उपवासाबद्दल. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकादशी करू नये आणि उपवासापायी औषध मनानेच बंद करू नये. साबुदाण्याने साखर झपाट्याने चढते, नुसतं उपाशी राहिलं की एकदम उतरते. उपवास झेपत नसेल तर त्या दिवशी 108 मण्यांची एक माळ जास्त ओढा.

- मोबाइल बंद ठेवावा.
- पाण्याची बाटली सोबत आणावी.
- ज्यांना येणं शक्य नाही, त्यांनी घरी देवापुढे त्याच वेळी म्हणावा.
- ने-आण करायला सोबत हवी असेल तर दोन दिवस आधी कार्यवाहांना सांगावे.

– कार्यकारी मंडळ