वस्त्रसंग्रहाच्या कोठीत विद्यार्थ्यांना काम द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

स्थानिक संग्रहालयांमध्ये विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेण्याची पद्धत आता रुळू लागली आहे. परंतु त्यांच्याकडून नेमके कोणते काम करून घेतले जाते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. एका लहान संग्रहालयाच्या ऐतिहासिक वस्त्रसंग्रहात काही काळ उमेदवारी केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, दालनात पाहुण्यांना वाट दाखवण्यासाठी किंवा समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकण्यासाठी त्यांना राबवण्यापेक्षा, वस्त्रे जिथे ठेवलेली असतात त्या कोठीतील नोंदींचे काम त्यांच्यावर सोपवणे अधिक हिताचे आहे.

दगडी मूर्ती वर्षानुवर्षे दालनात राहिली तरी फारसे बिघडत नाही. कापड मात्र मांडल्यानेच झिजते. प्रकाशाने होणारी हानी साचत जाते. वस्त्र नंतर अंधारात ठेवले तरी उडालेला रंग परत येत नाही, पुढची झीज तेवढी थांबते. म्हणूनच नाजूक वस्त्रांवरील प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंत (लक्स हे प्रकाशमानाचे एकक) मर्यादित ठेवण्याचा आणि ती आलटून पालटून मांडण्याचा संकेत आहे. साहजिकच संग्रहाचा मोठा भाग कोठीतच राहतो. तिथे एखाद्या घडीच्या रेषेवर धागे तुटू लागले, लाकडी कपाटातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी सुती कापड पिवळे पडू लागले किंवा लोकरीला कसर लागली, तर ते वेळीच कळण्यासाठी कोणीतरी ठरावीक काळाने प्रत्येक वस्त्र बारकाईने पाहायला हवे. लहान संग्रहालयात मूर्ती, नाणी, हस्तलिखिते आणि वस्त्रे हे सारे बहुधा एकच अभिरक्षक (क्युरेटर) सांभाळतो. त्याच्याकडे ज्ञान असते, वेळ नसतो.

हा वेळ विद्यार्थी देऊ शकतात, आणि त्यातून त्यांना जे शिकायला मिळते ते वर्गात मिळणे कठीण आहे. वस्त्राची स्थितीनोंद करायची म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) किती धागे आहेत, सुताला पीळ कोणत्या दिशेने दिला आहे, काठ मूळचा आहे की मागाहून जोडलेला, जुनी शिवण उसवल्याची छिद्रे कुठे आहेत, हे सगळे शिसपेन्सिलीने लिहायचे. शाईचे पेन कोठीत न्यायचेच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पीळ दिलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, लोकरीवर खवले दिसतात, तर डिंक काढलेले रेशीम गुळगुळीत असते. नक्षीतल्या काळ्या किंवा गडद तपकिरी जागाच नेमक्या विरलेल्या आढळल्या, तर तिथे लोहयुक्त रंगबंधक, म्हणजे रंग धाग्यावर पक्का बसवणारा पदार्थ, वापरला गेला असण्याची शक्यता मोठी असते, कारण लोहामुळे धागा आतून कमकुवत होत जातो. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारा पहिला कृत्रिम रंग इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी १८५६ मध्ये शोधला. त्यामुळे विणकामाच्या मूळ धाग्यात असा रंग निघाला, तर ते वस्त्र त्याआधीचे असल्याचा दावा टिकत नाही. मात्र तो धागा नंतरच्या रफूचा असेल तर हा सारा तर्क कोसळतो. म्हणून नमुना नेमका कुठून घेतला, ही एक ओळ नोंदीतील बाकीच्या वर्णनाइतकीच महत्त्वाची ठरते.

नवख्यांच्या हाती असा ठेवा कसा द्यायचा, ही अभिरक्षकांची शंका रास्त आहे. धुणे, डाग काढणे, रफू करणे ही कामे विद्यार्थ्यांना मुळीच देऊ नयेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वजन वाढवण्यासाठी कथिलाच्या क्षारांत बुडवलेले रेशीम नुसते उलगडतानाही चिरते. असे वस्त्र जाणकाराने सांगितल्याशिवाय हलवूच नये. परंतु वस्त्र खांद्याला धरून न उचलता खाली सपाट आधार सरकवून उचलणे, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवणे, घडीच्या पोटात आम्लरहित कागदाची गुंडाळी भरणे, हे साध्या कापडावर सराव करून शिकवता येते. पांढरे सुती हातमोजे घातलेली माणसे छायाचित्रांत फार शोभून दिसतात, पण त्या मोज्यांचे सूत जरीच्या तारेत अडकते आणि बोटांना नीट स्पर्शही कळत नाही. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे बरे, शिवाय जुन्या संग्रहांवर पूर्वी आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगे कीटकनाशक म्हणून वापरली जात असत, त्यापासून हाताळणाऱ्याचेही रक्षण होते. ही माहिती विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी दिली जावी.

निवड करताना केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा विचार होतो, तोही मला अपुरा वाटतो. शिवणकाम शिकलेल्या मुलीला कच्चा टाका आणि पक्की टीप यांतला फरक ज्या सहजतेने दिसतो, त्या सहजतेने तो इतिहासाच्या पदवीधराला दिसत नाही. रसायनशास्त्र आणि विणकाम शिकणाऱ्यांनाही या कोठीत जागा असायला हवी. मुदत इतकी असावी की पाहायला शिकल्यानंतर प्रत्यक्ष काम करायलाही अवधी उरेल. प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी, म्हणजे पुढे एखादी चीर दिसली तर ती जुनी की नवी हे ठरवता येईल आणि शंका असल्यास कोणाला विचारायचे तेही कळेल. संग्रहालयांनी इंटर्नसाठी जाहिरात देताना कामाचे स्वरूप, देखरेख कोण करणार आणि मानधन किती, या गोष्टी त्यातच स्पष्ट छापाव्यात, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक