पिछोल्याचा काठ संध्याकाळी कोणाचा? राजस्थानच्या पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री, राजस्थान शासन,
सादर नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. मराठीत ते जाहीर करते आहे, कारण दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडची असंख्य कुटुंबे आईवडिलांना घेऊन उदयपूरला जातात. त्यांना हे आधी कळायला हवे.

गेल्या आठवड्यात माझी आई पिछोला तलावाच्या काठावर पडली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. वय शहात्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, काठीशिवाय चालत नाही.

आम्ही सूर्यास्ताच्या बोटीची तिकिटे काढली होती, माणशी आठशे रुपये. धक्क्यावर पोहोचलो तर दोर बांधलेला, झेंडूच्या माळा आणि काळ्या कोटातली माणसे. कोणाचे तरी लग्न होते. तिकीट दाखवले तर म्हणाले, "आज प्रायव्हेट फंक्शन है, पीछे के घाट से जाइए." मागच्या घाटाला कठडा नाही, दिवा नाही, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ. तिथे सगळ्यांना ताटकळत ठेवले, त्यात कडेवर मुले घेतलेल्या बायका होत्या. बसायला साधे बाकडेसुद्धा नव्हते. अंधार पडल्यावर सांगितले, बोट येणार नाही. वर चढताना आईचा पाय सरकला. दोराच्या पलीकडे तेव्हा आतषबाजी चालू होती. मी ओरडत होते ते दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू गेले नाही.

धावून आली ती चहाच्या टपरीवरची बाई. तिने बर्फ आणला, स्वतःची ओढणी फाडून हात बांधला. रिक्षावाल्याने इस्पितळापर्यंतचे पैसे घेतले नाहीत. मेवाडच्या माणसांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायची. राणा प्रताप शिकवताना तिचा आवाज बदलायचा, हे तिचे विद्यार्थी अजून सांगतात. भोसले आपले मूळ मेवाडच्या सिसोदिया राजघराण्याशी सांगतात, त्यामुळे साताऱ्याच्या माणसाला उदयपूर परके वाटतच नाही. (आमच्या शिंदे-होळकरांनी पुढे याच मेवाडला खंडणीसाठी किती पिळले, तेही आई वर्गात न लपवता सांगायची.) दुसऱ्या दिवशी हळदीघाटला जायचे ठरले होते. उदयपूरहून जेमतेम चाळीस किलोमीटर. १५७६ च्या लढाईची ती पिवळी माती तिला हातात घ्यायची होती. आम्ही हाताला प्लॅस्टर घालून घरी परतलो. आता तिला एकटीने वेणी घालता येत नाही, घास भरवावा लागतो. रात्री ठणका लागला की ती आवाज न करता रडते, मला कळू नये म्हणून. पुन्हा तिकडे जायचे नाव ती काढत नाही आणि मलाही तिला विचारायचा धीर होत नाही.

मंत्रिमहोदय, आपले खाते देशभर "पधारो म्हारे देस" म्हणून बोलावते. आम्ही आलो. आमच्यासाठी तिथे काय ठेवले होते?

हा तलाव उदयपूर वसण्याच्याही आधीचा. चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने तो बांधला असे सांगतात. उदयसिंहांनी १५५९ च्या सुमारास राजधानी वसवली ती त्यानंतर. बापाविरुद्ध बंड करून आलेल्या खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, याच पाण्यातल्या जगमंदिर महालाने आसरा दिला. शत्रूच्या घरचा पोर, तरी दिला. तलावातच अठराव्या शतकात बांधलेल्या जगनिवास महालाचे विसाव्या शतकात हॉटेल झाले. खोली घेण्याची ऐपत नसलेल्याने तो लांबूनच पाहायचा. तेही समजू शकते, ती खासगी मालमत्ता आहे. पण पाणी? घाट? दुष्काळात पिछोला कोरडा पडला, तेव्हा त्याची झळ शहरातल्या सामान्य माणसाने सोसली. जानेवारी २०२५ मध्ये पाणथळ जागा जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराखाली इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली 'पाणथळ शहरे' ठरली. त्या पाण्यावर रात्री फटाक्यांची राख पडते, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. हा मान मिळवला कशासाठी?

मागणे फार नाही. घाटांना कठडे आणि दिवे लावा. बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतील, हे तिकीटखिडकीवर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहा. माझ्या तिकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत उलटेच छापले होते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सार्वजनिक इमारतींत त्यांना वावरता येईल अशी सोय करायला नियम झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम झाले २०१७ साली. ती मुदत उलटून गेली. जगदीश मंदिराच्या बत्तीस पायऱ्या मी म्हातारीला खालूनच दाखवल्या. १६५१ चे मंदिर आहे, त्याला हात लावू नका म्हणाल तर मान्य. पण कालपरवा बांधलेल्या घाटालाही कठडा का नसावा?

तक्रार घेऊन गेले तर एका कचेरीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने तिसरीकडे. तिसऱ्या ठिकाणी साहेब लग्नाच्या बंदोबस्तात होते. ही गत एकट्या उदयपूरची नाही. आमच्या महाराष्ट्रातही समुद्रकिनारे आणि मैदाने अशीच रात्रीपुरती भाड्याने जातात. जे सगळ्यांचे, ते पैसेवाल्याला द्यायचे आणि बाकीच्यांना मागच्या दाराने काढायचे, हीच आता सरकार चालवण्याची रीत झाली आहे. कर भरताना मात्र आम्हाला कोणी मागच्या दाराने पाठवत नाही.

माहितीच्या अधिकाराची चळवळ आपल्याच राजसमंद जिल्ह्यातल्या देवडूंगरीत उभी राहिली. मजुरांनी हिशेब मागितला आणि त्यातून पुढे २००५ चा कायदा आला. त्याच कायद्याखाली मी अर्ज केला आहे. त्या संध्याकाळी तो धक्का लग्नासाठी बंद करायची परवानगी कोणी दिली, कोणत्या नियमाखाली दिली आणि सरकारजमा किती रुपये झाले? माझे सोळाशे रुपये मला परत नकोत. या तीन प्रश्नांची उत्तरे सहीशिक्क्यानिशी हवीत, तीस दिवसांच्या आत.

आपली,
एका निवृत्त इतिहास शिक्षिकेची मुलगी
सातारा