वाड्यामागच्या खोल्या पण दाखवा की

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत स्वीडनमधल्या जमीनदारांच्या वाड्यांवरचा लेख वाचला, फोटो एक नंबर, तळ्याकाठचा तर कापून ठेवलाय. पण लेख मालकाच्या दिवाणखान्यातच रमला आणि तिथं राबणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही म्हणून लिहितोय.

तिथली मांडणीच बघा, सरळ झाडांचा रस्ता, समोर मोठं घर, त्याच्यापुढं दोन्ही अंगाला समोरासमोर छोटी घरं, वर दोन टप्प्यांचं छप्पर. घर कितीदा लाकडाचंच असायचं पण दगडी वाटावं म्हणून फिक्कट पिवळा नाहीतर राखाडी रंग मारायचा. आणि गोठे, कोठारं? ती बहुतेक लाल, फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या टाकाऊ मातीचा रंग, स्वस्त आणि लाकूड टिकवणारा. म्हणजे रंगावरनंच कळायचं कोण कुठला ते.

मोठ्या इस्टेटीवर लग्न झालेले गडी वर्षाच्या कराराने ठेवायचे, थोडे रोख पैसे आणि बाकी धान्य, दूध, बटाटे, जळण. राहायला रांगेतल्या खोल्या, बहुतेक कुटुंबाला एक खोली आणि स्वयंपाकघर. गड्याला मालक बदलायचा तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, अख्खा संसार गाडीवर घालून. बायकोनं धारा काढायच्या हे पण करारातच, पोर तान्हं असू दे नाहीतर काय, त्या कामाला तिथं 'पांढरा चाबूक' म्हणायचे. हे सगळं बंद झालं 1945 साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. आमच्या खानापूर-निपाणीकडं पाडव्याला सालगडी ठरायचा, जोंधळे, घोंगडं, पायताण बोलीत असायचं, आमच्याकडच्या लोकांना हे वाचून नवल वाटणार नाही.

तिकडं निदान स्कोने प्रांतात तोरुपच्या किल्ल्याजवळ गड्यांच्या जुन्या खोल्यांचंच म्युझियम केलंय. युलिता नावाची इस्टेट मालकानं 1941 मध्ये स्टॉकहोमच्या नॉर्डिस्का म्युझियमला दिली, तिथं नुसता वाडा नाही तर दुधाच्या धंद्याचं पण म्युझियम आहे. आपल्याकडं जुन्या वाड्यावर लिहायचं म्हटलं की दरवाजा, बुरूज, दरबार, झालं, पागा आणि गड्यांच्या खोल्या कधी पडल्या कुणाला पत्ता नाही.

पुढच्या भागात त्या खोल्यांचा एक तरी फोटो छापा, आणि जमलं तर आपल्याकडच्या वाड्यांवर सालानं राहिलेल्यांच्या घरी पण तुमचा वार्ताहर पाठवा, सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)