‘710’ म्हणून विकलेल्या प्लायचे थर सुटल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 19 एमएम प्लायवूडचे चार बोर्ड बदलून मिळणे अथवा रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे 8 बाय 4 चे चार बोर्ड मी आपल्याच अधिकृत विक्रेत्याकडून घेतले. दर चौरस फुटाला 130 रुपये, म्हणजे 128 चौरस फुटांचे 16,640 रुपये. पक्के बिल सोबत जोडले आहे. बोर्डावर आपले स्टिकर होते : ‘बीडब्ल्यूपी, आयएस 710, 21 वर्षांची वॉरंटी’. त्याच दुकानात साधा कमर्शियल प्लाय बराच स्वस्त होता. जास्तीचे पैसे मोजले ते या 710 साठी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या (बीडब्ल्यूपी) प्लायच्या भारतीय मानकासाठी.

मी वन विभागाच्या लाकूड डेपोतून निवृत्त झालो. उभी नोकरी सागवानाचे लॉट मोजण्यात गेली, रंधा मात्र निवृत्तीनंतरच हातात घेतला. आधी चौरंग, मग स्टूल, असे करत करत 6 बाय साडेसहाचा पेटीचा पलंग करायला घेतला. चौकट, पाय आणि उशाची पट्टी सागवानाची, खाच-कुसवाच्या सांध्यातली. सागवान लिलावातले आहे, वाहतूक परवान्यासकट. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना 2023 साली आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान गेले, पण म्हणून ते आम्हाला स्वस्त मिळते असे नाही. त्यामुळे पेटीच्या बाजू, तळ आणि वरची झाकणे प्लायची केली.

उन्हाळा सरता सरता पायथ्याकडची बाजू फुगली. वरचा पापुद्रा आधी बोटाखाली दबू लागला, मग कडेने उकलला. आता थरांच्या मधल्या फटीत जुने पोस्टकार्ड अर्धेअधिक आत जाते. झाकण कापले तेव्हाच कडेला एका जागी गाभ्यात पोकळी दिसली होती. विक्रेत्याला फोन केला तर “तेवढं असतेच जी, लिपण भरा” असे उत्तर मिळाले. आता नेमकी तिथूनच झाकणाला पोक आली आहे.

तक्रार केल्यावर आपले प्रतिनिधी घरी आले. त्यांनी मोबाइलवर चार फोटो काढले, बोर्डाला हातही लावला नाही आणि “काका, हे कुलरमुळे झालं” असे सांगून चहा घेऊन गेले. मग आपला मेल आला : खोलीत कुलरचा ओलावा होता, शिवाय काम ‘व्यावसायिक सुताराने न करता हौशी व्यक्तीने घरी केलेले’ असल्याने वॉरंटी देता येत नाही.

कुलरचे म्हणाल तर ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45-46 ला जातो. इथे कुलर नसलेले घर दाखवा. जो माल उकळत्या पाण्यात टिकतो म्हणून आपण विकता, तो खसाच्या ताटीतून येणाऱ्या हवेने उकलत असेल तर विदर्भात तो विकूच नये. आणि ज्या तुकड्याला कुलर लागलाच नाही त्याचे काय? एका बोर्डातून उरलेला दोन फुटी तुकडा मी मागच्या कोरड्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याला ना खिळा, ना स्क्रू, ना माझा हात. त्याचीही कड सुटली आहे. हौशी माणसाचा हात त्याला कसा बाधला, ते कळवावे.

पलंगही येऊन बघावा. खोली तीच, कुलर तोच आणि करणारा माणूसही तोच. सागवानाच्या एकाही सांध्याला केसभर फट नाही, चौकट अजून गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात आहे. सुटला तो फक्त आपला प्लाय. वॉरंटी कार्ड भिंग लावून वाचले. सुतार कोण असावा याबद्दल त्यात एक अक्षर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये विक्रीसाठी किंवा व्यापारासाठी माल घेणारा ग्राहक धरला जात नाही. स्वतःच्या घराचा पलंग स्वतः करणाऱ्याला त्यात कुठे वगळले आहे?

आता मुख्य मुद्दा. बोर्डाच्या मागच्या बाजूला शाईचा शिक्का आहे, आयएसआय चिन्हाखाली परवाना क्रमांक आहे. तो मी भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून पाहिला. तो परवाना आयएस 303 चा निघाला, 710 चा नाही. 303 हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक, त्यात साधा एमआर, म्हणजे नुसता ओलसरपणा सोसणारा दर्जाही बसतो. 710 म्हणजे मरीन प्लाय, 72 तास उकळूनही थर सुटता कामा नयेत असा. पुढे स्टिकर एक, मागे शिक्का दुसरा, हे कारखान्यात झाले की दुकानात, हे आपणच शोधावे.

उरलेल्या तुकड्याची एक चकती मी परसात चुलीवर गंजात उकळायलाही ठेवली. मंडळींनी विचारले, आज प्लायचा रस्सा का? संध्याकाळच्या आत तिचे पापुद्रे पाण्यावर तरंगत होते. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, हे मलाही कळते. म्हणून उरलेला तुकडा जपून ठेवला आहे. तो सही-शिक्क्यानिशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायला माझी तयारी आहे, खर्च मात्र आपण करावा.

माझी मागणी : चारही बोर्ड खऱ्या 710 परवान्याचे बदलून द्यावेत, नाहीतर 16,640 रुपये परत करावेत. त्यावर चिकटवलेले सनमायका आणि वाया गेलेले बिजागरे यांचे बिल वेगळे जोडले आहे, तेही भरून द्यावे. शिवाय शिक्क्याच्या घोळाचा लेखी खुलासा हवा. माझ्या मेहनतीचे पैसे मी मागत नाही, वेळ माझ्याकडे भरपूर आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत काही न झाल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर, भारतीय मानक ब्युरोच्या नागपूर शाखेकडे आणि चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही आणि राहत्या जिल्ह्यातच दावा चालतो.

पुन्हा माणूस पाठवणार असाल तर आर्द्रता मोजायचे यंत्र आणि पटाशी घेऊन पाठवा. बोर्ड काढून पडवीत उभे केले आहेत.

आपला,
एक ग्राहक,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

सोबत : बिलांच्या झेरॉक्स, वॉरंटी कार्ड, दोन्ही बाजूंचे फोटो, अ‍ॅपवरील परवान्याची प्रत, आपला मेल.