सूचना : नैराश्याचे उपचार चालू असलेल्या सदस्यांसाठी

योगवर्ग सुरू केला म्हणून कुणीही गोळ्या परस्पर बंद करू नयेत. योग उपचारांना जोड देतो, त्यांची जागा घेत नाही. बायपोलरचा (मन कधी नैराश्यात, तर कधी उन्मादात म्हणजे अति उत्तेजित अवस्थेत जाण्याचा) त्रास असलेल्यांनी भस्त्रिका, कपालभाती यांसारखे जलद श्वसन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्याने उन्माद बळावू शकतो.

शवासनात डोळे मिटताच नको ते विचार गर्दी करत असतील तर डोळे उघडे ठेवा, कुशीवर वळा किंवा सरळ उठून बसा. कोणी कारण विचारणार नाही. (विचारलेच, तर आम्हाला सांगा.) ज्या दिवशी उठवतच नाही, त्या दिवशी अंथरुणातच श्वास सावकाश, लांब सोडत राहा; आम्ही हजेरी धरू.

जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र वर्गाची वाट पाहू नका. लगेच जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा.