अण्णा, आत्याचा शब्द तुम्ही राखलात

आदरणीय अण्णांस,
सा. न. वि. वि.

आत्याच्या मृत्युपत्रातली शेवटची वाटणी गेल्या आठवड्यात पार पडली. गंगापूर रोडचा फ्लॅट सोसायटीच्या दप्तरी धाकट्याच्या नावावर झाला आणि तुम्ही आम्हा सगळ्या भाचरांच्या हातात हिशेबाची एकेक प्रत दिलीत. त्या गडबडीत मला धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. ते उघड लिहितेय, कारण एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा म्हणून, नाव लागलेल्या माणसाच्या अंगावर काय काय येतं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. इतर घरांतही ते ठाऊक नसणार.

तुम्ही आमचे नातलग नाही. आत्याच्या शाळेतले सहकारी आणि पुढे तिचे शेजारी. तिने विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, एवढंच. मृत्युपत्रात मोबदल्याचा उल्लेख नव्हता, म्हणून तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. रिक्षा, झेरॉक्स, स्टॅम्पपेपर यांच्या पावत्या तेवढ्या लावल्यात, त्याही नंबर घालून.

रामकुंडावर दशक्रिया झाली, तेरावं झालं. सगळे जमलोच आहोत तर दागिने आणि भांडी आत्ताच वाटून टाकू, असं काही जण म्हणायला लागले. त्यात लोभ नव्हता, पुन्हा सगळे एकत्र कधी येणार ही काळजी होती. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, ‘आधी यादी, मग देणी, मग वाटणी.’ आणि दुसऱ्या दिवशी फुलस्केप रजिस्टर घेऊन आलात. कपाटाचा एकेक कप्पा रिकामा करून लिहिलात. पितळी डबे, तांब्याचा बंब, पोस्टाची सर्टिफिकेटं, कागदी शेअर, सगळं. दागिने सराफ बाजारात सगळ्यांसमोर तोलून घेतलेत आणि प्रत्येक दागिन्याच्या वजनाची पावती त्या त्या ओळीसमोर डकवलीत. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोध घेऊन, आत्या स्वतःही विसरली असेल असं एक जुनं बचत खातं तुम्ही वर काढलंत.

देण्यांचं मात्र मला सविस्तर लिहायचंय. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात देणी कोणत्या क्रमाने भागवायची ते ठरवून दिलेलं आहे. अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च पहिला. मग कोर्टकचेरीचा खर्च. त्यानंतर लगेच घरकाम करणाऱ्या माणसाचा मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, आणि मग बाकीची कर्जं. आत्या हॉस्पिटलमध्ये असताना घरकामाच्या मावशी रोज डबा घेऊन जात होत्या, घर उघडून झाडांना पाणी घालत होत्या, आणि त्यांचा पगार राहिलाय हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं. तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवलंत, महिनेवार हिशेब मोठ्याने वाचून दाखवलात. मावशींनी सही करण्याआधी हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर जोडत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. आत्यानेच त्यांना ते शिकवलं होतं. आम्हा वारसांपैकी कुणाला काही मिळण्याच्या कितीतरी आधी त्यांचे पैसे चुकते झाले, याचं मला फार मोल वाटतं.

वर्षभर थांबायला लावलंत त्याबद्दलही आभार. वाटणीसाठी एक्झिक्युटरला मृत्यूपासून एक वर्ष मिळतं, त्याआधी कुणी हक्काने मागू शकत नाही. या वर्षाचं काय करायचं, असं दादाने विचारलंही होतं. तुम्ही पेपरात जाहीर नोटीस दिलीत आणि त्यावर एका पतसंस्थेचं पत्र आलं. आत्या एका जुन्या सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन होती. घेऊन झालेल्या कर्जाची जामीनकी माणूस गेल्यावर संपत नाही, ती त्याच्या मालमत्तेवर राहते. आधीच वाटप केलं असतं तर पतसंस्था आम्हा प्रत्येकाच्या दारात आली असती आणि तुमच्यावर वैयक्तिक जबाबदारी पडली असती. तुम्ही त्या सहकाऱ्यांना भेटलात, हप्ते पूर्ण होईपर्यंत तेवढी रक्कम बाजूला ठेवलीत, नो ड्यूज दाखला हातात घेतलात, आणि मगच पुढचं पाऊल टाकलंत.

ठेवींवर नॉमिनी म्हणून दादाचं नाव होतं. पैसे बँकेने त्याच्या हाती दिले आणि ते आपलेच, असं त्याने मनापासून धरलं होतं. तुम्ही त्याला एकट्याला बोलावून समजावलंत की नॉमिनीने रक्कम घ्यायची ती खऱ्या हक्कदारांसाठी. शेअरच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय. दादाने दुसऱ्याच दिवशी सगळी रक्कम इस्टेटच्या वेगळ्या खात्यात भरली. चारचौघांत हे बोलला असतात तर तो दुखावला असता आणि ते दुखणं आम्ही वर्षानुवर्षं वागवलं असतं.

वहिनीचं काम सगळ्यांत अवघड होतं. मृत्युपत्रात चंद्रहार तिला लिहिलेला, पण तो आत्याने हयातीतच मोडला होता. नाव घालून दिलेली वस्तूच उरली नसेल तर तिच्या बदल्यात पैसे मिळत नाहीत, असा कायदा. हे सांगायला तुम्ही फोन केला नाहीत. सराफाची जुनी पावती घेऊन भर उन्हात आडगावला तिच्या घरी गेलात आणि तिचं रडणं थांबेपर्यंत बसलात. ती अजून सांगते, हार नाही मिळाला त्याचं काही नाही, अण्णा आले.

आणि तो सागवानी झोपाळा. तो तुम्हाला किती आवडतो हे आत्यालाही माहीत होतं. विकायचा ठरला तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, तुम्हीच घ्या, योग्य ती किंमत द्या. तुम्ही नाही म्हणालात. एक्झिक्युटरनेच इस्टेटमधली वस्तू विकत घेतली तर कुणीही वारस ती विक्री रद्द करून मागू शकतो, आणि तशी वेळ येणार नसली तरी वहीत तशी नोंद नको, हे तुमचं म्हणणं. मला तुमचा फार आदर वाटला, अण्णा.

बाकीचं थोडक्यात लिहिते. मृत्युपत्र नाशिकला केलेलं, मिळकतही इकडचीच, त्यामुळे तेव्हाच्या कायद्याप्रमाणेही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं नव्हतं. तरी एका ठिकाणी ते मागत राहिले, तिथे तुम्ही न चिडता लेखी उत्तरं दिलीत. निफाडच्या तुकड्याचा फेरफार, हरकतींसाठीची पंधरा दिवसांची नोटीस, नवा सातबारा, वाटप होईपर्यंतच्या व्याजाचं इन्कम टॅक्स रिटर्न, आणि प्रत्येक वस्तू देताना तुमच्या सहीचं संमतीपत्र. यातलं काहीच राहिलं नाही.

आता एक विनंती. सासूबाई मृत्युपत्र करताहेत आणि एक्झिक्युटर म्हणून त्यांनी माझं नाव घालायचं ठरवलंय. मी हो म्हटलंय, तुमचं काम जवळून पाहिलं म्हणूनच. ते रजिस्टर मला काही दिवसांसाठी द्याल का? रकाने कसे आखलेत ते उतरवून घ्यायचंय. रविवारी सकाळी दादा आणि मी येतो. वहिनीही येणार म्हणतेय, तुमच्यासाठी ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन.

काकूंना नमस्कार.

आपली,
आत्याची थोरली भाची