चौथी सीट आणि कानातली बोंडं

महोदय,

सोनीने 1979 मध्ये पहिला वॉकमन बाजारात आणला, तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन छिद्रं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि दोघांना आपसात बोलता यायचं. एकट्यानेच गाणं ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, अशी धास्ती कंपनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांना होती. ती फोल ठरली आणि पुढे ते बटणही गेलं. 2001 मध्ये आयपॉड आला; मग नुसती पांढरी वायर दिसली तरी खिशातली ऐपत कळायची.

डोंबिवलीहून रोज लोकलने जाताना मला त्या बटणाची आठवण येते. चौथ्या सीटसाठी ‘जरा सरकता का?’ असं तीनदा म्हणावं लागतं, शेवटी खांद्याला हात लावावा लागतो. मग बोंड काढून ‘अं?’ अर्थात स्पीकरवर रील वाजवणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरे! त्यांना काही म्हणायला गेलं तर आपणच खडूस ठरतो.

काल आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाने गजर धरला. समोरच्या मुलाच्या कानात बोंडं होतीच, पण बॅगेवर त्याची बोटं बरोबर टाळांच्या ठेक्यात पडत होती. गाणं बंद केलंस का रे, असं विचारणार होतो, तेवढ्यात ठाणं आलं.

– एक प्रवासी वाचक, डोंबिवली